तळणीचं तेल, बोटीचं इंजिन आणि पुढचं टेंडर : कोल्हापूरच्या आयुक्तांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, कोल्हापूर

विषय : पाण्यावर चालणाऱ्या इंजिनांच्या इंधनाची अट टेंडरमध्ये घालण्याबाबत

महोदय,

मी उद्यमनगरात डिझेल इंजिनांचं पंप-नोझलचं काम करतो. गुऱ्हाळाची इंजिनं, नदीकाठचे पंपसेट, जनरेटर, अधूनमधून एखादं बोटीचं इंजिनही माझ्या टेबलावर येतं. मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो. महापालिका किंवा जिल्हा प्रशासन यापुढं जी कुठली इंजिनाची बोट विकत घेईल, भाड्यानं लावेल किंवा ठेक्यावर चालवायला देईल, तिच्या टेंडरमध्ये इंधनाची अट लिहा. आणि ज्या बोटी डिझेलवर चालणार आहेत, त्यांना वापरलेल्या तळणीच्या तेलापासून बनवलेलं बायोडिझेल मिसळून द्या.

बोट घ्यायची म्हटलं की लांबी किती, माणसं किती बसणार, हॉर्सपॉवर किती, लाइफ जॅकेट किती यावर बैठका होतात. इंजिनात काय जळणार आणि जळून झाल्यावर ते कुठं जाणार, हे कुणी विचारत नाही. रस्त्यावरच्या गाडीचा धूर निदान दिसतो, तिची पीयूसी काढावी लागते. बोटीच्या मागं लावायच्या पेट्रोल इंजिनाचा धूर पाण्याखाली सोडलेला असतो, बहुतेक वेळा पंख्याच्या मधोमध असलेल्या पोकळीतून. आवाज कमी होतो म्हणून ही सोय. पण धुरातलं जे काही असेल ते आधी पाण्याला मिळतं आणि मग उरलंसुरलं वर येतं.

त्यातही कार्ब्युरेटरवाली जुनी टू-स्ट्रोक इंजिनं सगळ्यात वाईट. त्यांच्यात ताजं पेट्रोल आत येत असतानाच धूर बाहेर जायची वाट उघडी असते. त्यामुळं आत गेलेल्या पेट्रोलपैकी जवळपास पाव भाग न जळताच बाहेर पडतो आणि त्यात ५० ला १ या प्रमाणात मिसळलेलं ऑइलही सोबत जातं. अमेरिकेतल्या टाहो सरोवरावर अशा इंजिनांना १९९९ सालीच बंदी घातली गेली. आपल्या रंकाळा तळ्याचं पाणी टाहोसारखं नाही, हे मलाही दिसतं. आपला खरा रोग नाल्यांचं सांडपाणी आहे, आणि त्यापुढं बोटीचं ऑइल किरकोळ आहे. पण सांडपाणी अडवायला कोट्यवधी रुपये आणि कितीतरी वर्षं लागतात. टेंडरमध्ये चार ओळी घालायला एक दुपार पुरते.

आता तेलाकडं येतो. डिझेल इंजिन आणि खाद्यतेल यांचा संबंध जुना आहे. १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात फ्रेंच ऑटो कंपनीनं एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. फ्रेंच सरकारला आफ्रिकेतल्या वसाहतींत पिकणाऱ्या भुईमुगातून तिथल्यातिथं इंधन मिळतंय का ते बघायचं होतं. इंजिन इतकं सुरळीत चाललं की ते शेंगतेलावर चाललंय हे फार थोड्यांच्या लक्षात आलं, असं खुद्द रुडॉल्फ डिझेल यांनी पुढं नोंदवून ठेवलंय.

ही गोष्ट ऐकून काही हौशी मंडळी कापडानं गाळलेलं तेल थेट टाकीत ओततात. आपल्या खात्यात कुणी तसं सुचवलं तर त्याला माझ्याकडं पाठवा. एका शेतकऱ्यानं करंजाचं तेल डिझेलमध्ये निम्मंनिम मिसळून पंपसेट चालवला होता. सुरुवातीला गडी खूश होता. मग इंजिन सकाळी सुरू व्हायला त्रास द्यायला लागलं, पांढरा धूर टाकायला लागलं. नोझल काढून हातात घेतलं तर टोकावर काळ्या कार्बनचा टणक थर, आणि फवाऱ्याची बारीक छिद्रं जवळजवळ बुजलेली. टेस्टिंगला लावून हँडल मारलं तर फवारा उडायच्या ऐवजी टोकावरून थेंब ठिबकायला लागले. इंजिन खोललं तेव्हा पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटून बसल्या होत्या, आणि खालच्या चेंबरमधलं ऑइल काहिलीच्या तळाला राहिलेल्या काकवीगत घट्ट झालं होतं. दुरुस्तीत त्याचे डिझेलचे वाचलेले सगळे पैसे गेले, वर पदरचे घालावे लागले.

दोष करंजाचा नाही, घट्टपणाचा आहे. ४० अंश तापमानाला डिझेलची श्यानता, म्हणजे घट्टपणाचं माप, २ ते ४.५ सेंटिस्टोक असते, खाद्यतेलांची ३० ते ४० च्या घरात. पंप ते ढकलतो, पण नोझलला त्याचा बारीक फवारा करता येत नाही. मोठाले थेंब पूर्ण जळत नाहीत आणि जे जळत नाही ते तिथंच साचतं. १९०० साली चाललेलं इंजिन वेगळं होतं, आजचे बारीक नोझल वेगळे.

म्हणून तेलाचं बायोडिझेल करावं लागतं. शंभर किलो तेलाला साधारण दहा-अकरा किलो मिथेनॉल लागतं (प्रत्यक्षात थोडं जास्त घालून उरलेलं परत काढून घेतात), सोबत कॉस्टिकसारखा क्षार आणि साठ अंशांच्या आसपास उष्णता. तेलाचा जड रेणू फुटतो, शंभर किलोच्या आसपास बायोडिझेल वर येतं आणि दहा किलोभर ग्लिसरीन तळाला बसतं. ते वेगळं काढायचं, बायोडिझेल पाण्यानं धुऊन वाळवायचं. श्यानता मग चार-पाचवर येते, म्हणजे डिझेलच्या शेजारी. ऐकायला सोपं आहे, पण मिथेनॉल विषारी आहे, भडकणारं आहे आणि जळताना त्याची ज्योत उन्हात दिसतही नाही. हे काम परवाना असलेल्या कारखान्याचं. महापालिकेच्या वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये ड्रम मांडून करायचं नाही.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं २००२ मध्ये ट्रकच्या इंजिनांवरच्या बऱ्याच चाचण्या एकत्र करून आकडे काढले होते. शुद्ध बायोडिझेलवर न जळलेले हायड्रोकार्बन सुमारे ६७ टक्क्यांनी घटतात, कार्बन मोनॉक्साइड आणि काजळीचे कण जवळजवळ निम्म्यावर येतात. नायट्रोजन ऑक्साइड मात्र १० टक्क्यांनी वाढतात. २० टक्के मिश्रणात फायदाही कमी आणि तोटाही कमी. किलोमागं ताकद डिझेलपेक्षा दहाएक टक्क्यांनी कमी मिळते, तेव्हा शुद्ध बायोडिझेलवर टाकी थोडी लवकर रिकामी होणार. हे आधीच माहीत असलं म्हणजे नंतर ठेकेदार आणि ड्रायव्हर एकमेकांवर तेलचोरीचा आळ घेत बसणार नाहीत.

बोटीसाठी मला यापेक्षा दोन गोष्टी मोठ्या वाटतात. एक म्हणजे बायोडिझेल डिझेलइतकं सहज पेट घेत नाही. त्याचा ज्वलनांक, म्हणजे ठिणगीनं वाफ पेटायचं तापमान, शंभर अंशांच्या वर असतो. माणसं भरलेल्या बोटीत हे महत्त्वाचं. दुसरं म्हणजे पाण्यात सांडलंच तर चार आठवड्यांत त्याचा बराचसा भाग जिवाणू खाऊन टाकतात. साध्या डिझेलचा तेवढ्या काळात जेमतेम चौथा हिस्सा जातो. पण म्हणून सांडायची मुभा कुणी घेऊ नये. जिवाणू ते खाताना पाण्यातला प्राणवायू वापरतात, आणि आपल्या तळ्याकडं तो आधीच कमी. माशांचा खच काठाला लागलेला आपण सगळ्यांनी पाहिलाय.

बोट यावर लांबचा पल्ला मारते का, ही शंका कुणी काढू नये म्हणून एवढंच सांगतो : २००८ साली ‘अर्थरेस’ नावाच्या बोटीनं निव्वळ बायोडिझेलवर ६१ दिवसांच्या आत पृथ्वीला फेरी मारली. आपल्याला रंकाळ्याच्या या काठावरून त्या काठाला जायचंय.

तेल कुठलं, हा यातला कळीचा प्रश्न. ताजं तेल अजिबात नको. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त आपण बाहेरून आणतो. ते फोडणीत घालायचं सोडून इंजिनात घालणं हा शुद्ध वेडेपणा. मोगली एरंडाचं (जट्रोफाचं) पेव आठवत असेल. २००३ च्या सुमारास नियोजन आयोगानं तो विषय उचलला आणि देशभर पडीक जमिनीवर डिझेल उगवायची स्वप्नं पडायला लागली. पडीक जमिनीवर उत्पन्नही पडीकच निघालं. आता पुन्हा कुणी करंज लावायची योजना घेऊन आलं तर करंज जरूर लावा, सावली चांगली पडते. पण त्याच्या भरवशावर टेंडर काढू नका.

आपल्याकडं तेल आहे ते कढईत आहे. मिसळीचं गाव आपलं, आणि मिसळीवर टाकायचं फरसाण रोज कुठंतरी तळलं जातंच. त्यात खासबागेची भजी धरा, चौपाटीचे गाडे धरा, मंगल कार्यालयं, हॉटेलं, वसतिगृहांच्या मेस धरा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे : तेलातली ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हापुन्हा तापवून तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांवर गेली की ते तेल खाण्याच्या कामाचं राहत नाही. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणीला वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवायची आणि उरलेलं तेल अधिकृत गोळा करणाऱ्यालाच द्यायचं, असंही बंधन आहे. त्याच तेलाचं बायोडिझेल व्हावं म्हणून प्राधिकरणानं त्याच वर्षी योजनाही आणली.

नियम मोठ्यांना आहे, छोट्यांना वाली नाही. रात्री गाडे आवरायच्या वेळी चौपाटीवर थोडं थांबून बघा. कढई कलती करून वरचं काळपट तेल डब्यात ओततात, ते उद्याच्या ताज्या तेलात मिसळायला. तळाचा चुरा आणि त्यासोबतचं पाव-अर्धा लिटर तेल कडेच्या चरीत जातं. मोठ्या ठिकाणचं नासलेलं तेल कधीकधी छोट्या गाड्यावाल्याला स्वस्तात विकलं जातं आणि पुन्हा आपल्याच पोटात येतं. चरीतलं तेल गटारात, गटार नाल्यात आणि नाला शेवटी तळ्याला नाहीतर पंचगंगेला. म्हणजे वनस्पती तेल आजही आपल्या पाण्यात जातंयच, फक्त इंजिनातून न जाता. गाडेवाल्याला दंडाची भीती घालून हे थांबणार नाही. लिटरमागं चार पैसे रोख देणारा ड्रम ठेवला तर तो स्वतःहून आणून देईल.

आता कुठल्या बोटीला काय, यावर माझं मत जरा वेगळं आहे आणि ते काहींना आवडणार नाही. लोकांना फिरवायच्या बोटींना बायोडिझेलही नको. तळ्यातल्या तळ्यात तासभर फिरायचं, रात्री काठाला बांधून ठेवायचं, तिथं बॅटरी बरी. केरळमध्ये वैकमच्या फेरीवर जानेवारी २०१७ पासून ‘आदित्य’ नावाची ७५ माणसांची सौर बोट रोज ये-जा करते. रंकाळ्याला त्याहून सोपं पडेल. पायडलच्या बोटी आहेत त्या तर उत्तमच.

बायोडिझेलची जागा आहे ती कामाच्या बोटींत. केंदाळ उपसणारी यंत्रबोट, गाळ काढायचा तराफा, त्यावरचा पंप, नदीवर सामान नेणारी मोठी बोट. यांना दिवसभर जोर लावावा लागतो, बॅटरी तिथं दमते आणि इंजिन डिझेलचंच असतं. केंदाळ काढणारं यंत्र स्वतःच पाण्यावर तेलाची साय सोडत फिरतंय, हे दृश्य तरी नको.

पुराच्या बोटींबाबत मात्र जिल्हाधिकारी साहेबांना हात जोडून विनंती, तिथं कसलाही प्रयोग करू नका. चिखली-आंबेवाडीत किंवा शिरोळच्या गावांत पाणी शिरतं तेव्हा रबरी बोटीचं इंजिन ‘खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी’ असंच सुरू झालं पाहिजे. ही इंजिनं पेट्रोलची. त्यांच्यात बायोडिझेल घालताच येत नाही. नवीन घेताना फोर-स्ट्रोक घ्या, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची भानगडच संपते. हाताशी असलेल्या टू-स्ट्रोक इंजिनांना टीसी-डब्ल्यू३ (बोटींच्या टू-स्ट्रोक ऑइलचं मानक) मान्यतेचं, पाण्यात विघटन होणारं एस्टरचं ऑइल द्या. असली ऑइलं मिळतात, थोडी महाग असतात. एरंडेल घालू नका. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या रोटरी इंजिनांना एरंडेलाचं वंगण चालायचं हे खरं, पण ती इंजिनं सतत खोलून साफ केली जायची. आपली इंजिनं आठ-दहा महिने गोदामात पडून असतात आणि एरंडेलाचा डिंक होतो.

आणि ज्याकडं कुणाचंच लक्ष नाही असं एक वनस्पतीजन्य इंधन त्या बोटींत आधीच शिरलंय. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं. शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळतात, चांगलंच आहे. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. अर्धवट भरलेली टाकी पावसाळी हवेत महिनोन्‌महिने राहिली की पाणी वाढत जातं, आणि एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून फुटून तळाला बसतात. इंजिनाची नळी तळातूनच ओढते. मग दोरी कितीही ओढा. त्यामुळं सराव झाला की टाकी रिकामी करायची, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवायचं आणि जूनच्या सुरुवातीला ताजं पेट्रोल भरायचं. याला पैसे लागत नाहीत, नोंदवहीत सही लागते.

बोटींना लागणारं इंधन मुळात थोडं. तेवढ्यासाठी कुणी शहरभर तेल गोळा करत फिरणार नाही, हे उघड आहे. म्हणून केएमटीच्या (महापालिकेच्या परिवहन सेवेच्या) डिझेल बस, कचऱ्याच्या गाड्या आणि पाणीपुरवठ्याचे जनरेटर यांच्यासोबत बोटी जोडा. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेलचं उद्दिष्ट आहेच. शहरानं आपला वाटा उचलला तर पुरवठादारालाही परवडेल.

याचा एक फायदा पुरात कळेल. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट असताना पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, टँकर पलीकडं अडकले आणि पंपांवर पेट्रोल-डिझेल जपून द्यायची वेळ आली. शहराच्या आत, उंचावर, काही हजार लिटर बायोडिझेल साठ्याला असतं तर जनरेटर आणि डिझेलच्या बोटी तेवढ्यावर निभावल्या असत्या. फक्त ते वर्षानुवर्षं साठवता येत नाही, सहा महिन्यांत बिघडायला लागतं. म्हणून साठा बसमधून फिरता ठेवायचा, जुनं वापरायचं आणि नवं भरायचं.

टेंडर लिहिणाऱ्या साहेबांसाठी मेकॅनिकचे चार शब्द. सुरुवात २० टक्के मिश्रणानं करा. शुद्ध बायोडिझेलचा हट्ट नको. इंजिन कंपनीकडून या मिश्रणावर वॉरंटी राहील असं लेखी घ्या, तोंडी नको. जुन्या इंजिनाचे रबरी पाइप आणि सील बदलून व्हिटॉनचे (इंधनाला टिकणाऱ्या खास रबराचे) लावा, कारण बायोडिझेलनं साधं रबर फुगतं आणि मऊ पडतं. जुन्या टाकीत ते पहिल्यांदा भरलं की तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गाळ सुटतो आणि फिल्टर चोक होतो. इंजिन बंद पडतं आणि सगळे म्हणतात, बघा, तेल खराब. तेल खराब नसतं, टाकी घाण असते. तेव्हा टाकी आधी धुवा आणि पहिल्या महिन्यात फिल्टर दोनदा बदलायची तरतूद ठेवा. तळणीचं तेल बहुतेक पामचं असतं, त्यापासूनचं शुद्ध बायोडिझेल डिसेंबरातल्या पहाटे तळ्याकाठी गढूळ होऊन घट्ट व्हायला लागतं. हेही मिश्रणच वापरायचं एक कारण. टाकीत पाणी जाऊ देऊ नका, पाणी आणि तेलाच्या सीमेवर जंतू वाढून काळा चिखल होतो. आणि प्रत्येक टँकरसोबत आयएस १५६०७ (बायोडिझेलचं भारतीय मानक) प्रमाणं तपासणीचा दाखला मागा. एखादा नमुना आपणहून बाहेर तपासायला द्या. शिवाजी विद्यापीठ इथंच आहे, रसायनशास्त्राच्या पोरांना कामही मिळेल.

इंधन भरायची जागा पाण्यापासून मागं घ्या, खाली पत्र्याचा ट्रे ठेवा, शेजारी भुशाची पोती. बोटीत उभं राहून कॅनमधून नरसाळ्यानं डिझेल ओतायचं बंद करा. अर्धं प्रदूषण तिथंच होतं आणि त्याला कुठलंही तंत्रज्ञान लागत नाही.

पावसाळ्यापूर्वीच्या कामांची टेंडरं निघायच्या आधी मसुदा महापालिकेच्या संकेतस्थळावर टाका आणि पंधरा दिवस हरकतींना द्या. उद्यमनगरातली आम्ही मंडळी वाचू आणि सूचना लेखी देऊ. चौपाटीवरच्या ड्रमचं तेवढं टेंडरची वाट न बघता करता येईल. जागा वीज खांबाजवळची द्या, म्हणजे रात्रीही त्यावर नजर राहील.

आपला,
उद्यमनगरातला एक पंप-नोझल मेकॅनिक